जहाज गेला, मी रवलंय

ऑगस्ट महिना लागला की आमच्या शाळेत स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाची आखणी सुरू होते आणि कोणीतरी हमखास म्हणते, "यंदाही तुमच्या आजोबांवर पाच मिनिटे बोला." आम्ही बोलतो. दुसऱ्या महायुद्धात लढलेले, १९४६ च्या नाविकांच्या उठावात असलेले, १९४७ साली पाकिस्तानात जाण्याची मुभा असूनही न गेलेले, असे आमचे आजोबा. 'न गेलेले' या शब्दावर टाळ्या पडतात. मुले वाजवतात, पालकही वाजवतात, आणि आम्ही खाली येऊन खुर्चीवर बसतो. पण घरी येताना दर वर्षी मनात काहीतरी टोचत राहते. आम्ही खोटे काहीच सांगितलेले नसते. तरी ऐकायला स्वतः दादा बसलेले असते, तर त्यांनी उजवा कान पुढे करून विचारले असते, "ह्या कोणाबद्दल बोलतंस?"

जे पाच मिनिटांत मावत नाही ते म्हणून इथे लिहीत आहोत.

आमच्या घरी आजोबांना दादा आणि आजीला दादी म्हणत. दादांचा जन्म १९२३ चा, मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या गावातला. आपल्या कोकणी मुसलमानांत घरटी एखादा माणूस समुद्रावर असायचाच, कोणी गलबतावर, कोणी मुंबईच्या आगबोटींवर खलाशी नाहीतर सारंग. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होते हे आम्ही सिंधुदुर्ग किल्ल्याकडे बोट दाखवून वर्गात शिकवतो. इंग्रजांच्या नौदलातही रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुसलमानांची भरती पूर्वापार चालत आलेली. आपला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ मध्ये, तोवर आपण सगळे रत्नागिरीचेच.

दादांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे घर भाई म्हणे, ते आधीच रॉयल इंडियन नेव्हीत स्टोकर होते, म्हणजे बॉयलरपाशी. १९४२ साली दादाही भरती झाले. मराठी चार यत्ता शिकलेला एकोणीस वर्षांचा मुलगा. ट्रेनिंग कराचीला, कारण नौदलाच्या महत्त्वाच्या शाळा तेव्हा तिकडेच होत्या. तोफा शिकवणारी 'हिमालय' ही शाळाही तिथलीच. किमारीचा धक्का, समोरचे मनोडा बेट, हा सगळा परिसर दादांना आपल्या खाडीसारखा पाठ होता. मालवणच्या बाजारात ते क्वचित जात, पण किमारीत चहा कुठे चांगला मिळे हे त्यांना म्हातारपणीही सांगता येई.

नंतर ते 'नर्बदा' या जहाजावर तोफेवर गेले. सहा तोफा, चार इंची तोंडाच्या. १९४५ च्या जानेवारीत बर्मात आराकानच्या किनाऱ्यावर फौजा उतरत होत्या तेव्हा 'नर्बदा' आणि 'जमना' यांनी समुद्रातून मारा केला. त्या दिवसांत दादांचा डावा कान गेला तो कायमचा. लढाईचे दोन ऐवज घरी आले, बहिरा कान आणि बर्मा स्टार. स्टारची फीत लाल, निळी, केशरी अशी छान होती म्हणून दादीने ती कपाटाच्या चाव्यांच्या जुडग्याला बांधली. स्टार पेटीत पडून राहिला. दादांची याबद्दल काही तक्रार नव्हती.

आम्हाला आठवतात ते दादा अर्थात पेन्शनीतले. १९५७ साली लीडिंग सीमन म्हणून ते सुटले. मग मुंबईची बोट मालवणला लागायची त्या दिवसांत उतारूंच्या पडावावर काम केले, आणि तेही थांबल्यावर घरची नातवंडे सांभाळली. आमचे अब्बा कुवेतला होते, चाचाही होते, घरात बायका आणि आम्ही नऊ मुले. पुरुष माणूस म्हणून एकटे दादा.

फजरच्या आधी उठून ते अंथरुणाची अशी गुंडाळी करीत की दादी म्हणे, हे आता खांद्यावर टाकून निघतायत. मग मशिदीचे अंगण झाडणे, नमाज, मग आमची शाळेची तयारी. पावसात वाटेवरचा व्हाळ भरून वाहायचा. दादा आमच्या चपला आपल्या गळ्यात अडकवून एकेकाला खांद्यावरून पलीकडे नेत, संध्याकाळी तसेच अलीकडे आणत. एकदा आमची आई दोन महिने आजारी होती, तेव्हा घरातल्या चार मुलींच्या वेण्या दादांनी घातल्या. दोरखंड विणणारा तो हात! वेणी इतकी घट्ट बसे की डोळे कानाकडे ओढले जात, पण ती रात्री झोपताना सोडेपर्यंत हलत नसे. बाईंनी शाळेत विचारले, "वेणी कोणी घातली गं?" उत्तर ऐकून त्यांना आधी खरे वाटेना. फाटलेली दप्तरे ते शिडाच्या सुईने शिवत. दप्तर जुने होऊन टाकले जाई, शिवण मात्र तशीच राही.

किनाऱ्यावर रापण लागली की दादा दोर ओढायला जात आणि वाट्याचे बांगडे घेऊन येत. गाबितांची पोरे दोराला दोर कसा सांधायचा ते शिकायला आमच्या पडवीत बसायची. आम्हीही शिकलो. आज आमच्या हाताला त्यांतल्या दोनच गाठी येतात.

आणि रात्रीची हजेरी. इशाची नमाज झाली की दादा पडवीत कंदील घेऊन उभे राहत आणि एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजत. नऊ झाले की आत जात. आम्ही मुद्दाम दाराआड लपायचो. तेव्हा ते हाक मारत नसत. कंदील घेऊन तिथेच थांबत, नववे डोके येईपर्यंत.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले आणि अब्बांची आणि चाचांची खबर बंद झाली. ना तार, ना फोन. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे होतो. बाहेर धो-धो पाऊस, वीज गेलेली, आणि दादा सेलवरचा रेडिओ उजव्या कानाला लावून बसलेले. त्या सात-आठ आठवड्यांत ते रात्री झोपले असतील असे वाटत नाही. आम्हीही त्यांच्यापाशी जागत बसायचो. एरवी जे कधी बोलले नाहीत ते दादा त्या रात्रींत थोडे थोडे बोलले. जागरण करणाऱ्या मुलांना काहीतरी द्यायला हवे, म्हणून बहुधा.

१९४६ च्या उठावाचे सांगितले. आम्ही आता पुस्तकातून शिकवतो की १८ फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार' या केंद्रावर संप सुरू झाला, सिग्नलमन एम. एस. खान संपसमितीचे अध्यक्ष आणि मदन सिंग उपाध्यक्ष झाले, बंदरातल्या जहाजांवर काँग्रेस, लीग आणि लाल असे तिन्ही झेंडे चढले, शहरात गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली, आणि सरदार पटेलांच्या सांगण्यावरून २३ तारखेला नाविक खाली आले. दादांची गोष्ट जेवणापासून सुरू होई. "डाळीत खडे होते ह्या खरा. पण खड्यांसाठी कोण तोफ फिरवणा नाय." मग कशासाठी? "गोरो साहेब आवशीवरसून गाळी घाली." एवढेच कारण. आम्ही आणखी विचारले की पाच दिवस भीती वाटली का. म्हणाले, भूक लागली.

आणि मग एका रात्री १९४७ चे. फाळणीत नौदलाचीही वाटणी झाली. मोठी सहा लढाऊ जहाजे होती, त्यांपैकी 'सतलज', 'जमना', 'कृष्णा', 'कावेरी' भारताकडे आली आणि 'नर्बदा' व 'गोदावरी' पाकिस्तानकडे गेली. नद्या इकडच्या, जहाजे तिकडची. पुढे तिथे 'नर्बदा'चे नाव 'झेलम' झाले. माणसांपुढे कागद ठेवले गेले. भारतातल्या भागाचा रहिवासी असलेला मुसलमान सैनिक कुठेही जाऊ शकत होता, त्याने लिहून द्यायचे. दादा आणि भाई दोघेही तेव्हा मुंबईत होते. डोंगरीला आमच्या गावच्या जमातीची खोली होती, तिथे एका रात्री दोघे भाऊ बसले. भाईंची बॉयलरवरची सारी सोबत कराचीला निघाली होती आणि तिकडे बढतीची आशा होती. भाई म्हणाले, "दोघांय गेलो तर आवशीक कोण? तू धाकटो. तू रव."

दादांनी आपली पिशवी 'नर्बदा'वरून खाली उतरवली.

"जहाज गेला, मी रवलंय," दादा म्हणाले आणि रेडिओचा काटा फिरवू लागले. आम्हाला आठवते, आम्ही थोडे हिरमुसलो होतो. झेंडा नाही, भाषण नाही, आईची सोय पाहिलेली तेवढी. भाईंना तर वाटले होते की ईदला येऊ-जाऊ. कराची म्हणजे त्यांच्या लेखी मुंबईपुढचे एक बंदर होते. परमिट आले १९४८ मध्ये, पासपोर्ट १९५२ मध्ये. तोवर भाभी आणि मुलेही तिकडे गेली होती. आई १९५५ साली वारली तेव्हा कबरीत माती द्यायला दादा एकटेच होते.

अब्बा आणि चाचा अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने सुखरूप परत आले. लाखाहून अधिक हिंदी लोक त्या वेळी तसेच आणले गेले. ते दारात उभे राहिले तेव्हा दादांनी दोघांच्या डोक्याला हात लावला. मग घरात जाऊन झोपले ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

तीन वर्षांनी, १९९३ च्या जानेवारीत, मुंबईतले आमचे नातेवाईक दंगलीतून निघून गावी आले. घर माणसांनी भरले. आम्ही चौदा वर्षांचे होतो आणि त्या वयात राग कुठे ठेवावा ते कळत नाही. आम्ही तो दादांवर काढला. भर पडवीत सगळ्यांसमोर विचारले, "दादा, तुमी कित्याक रवलास?" कोणी काही बोलेना. दादा तेव्हा सुतळीचा गुंता सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही. "घरात रवता तेका कोण विचारता, कित्याक रवलंस म्हणान? गेलो तेका विचार."

त्या प्रश्नाची लाज आम्हाला आजही वाटते. दादा दुखावले म्हणून नव्हे, ते दुखावलेले दिसले नाहीत. लाज याची की 'राहिलात का' हा प्रश्न पुढे आम्हाला बाहेरच्या लोकांनीही विचारला, पण सर्वांत आधी तो घरातून, आमच्या तोंडून गेला होता.

गेलेल्याला विचारायची सोय होती, म्हणजे पत्रे होती. भाई कराचीहून मराठीत लिहीत, बाळबोध अक्षर, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा न करता. पुढे त्यांची नजर गेली आणि त्यांची नात सांगेल तसे उर्दूत लिहू लागली. दादांना उर्दू वाचता येत नव्हते. मदरशात आम्ही अलिफ बे शिकलो होतो, तेव्हा पत्र वाचण्याचे काम आमच्याकडे आले. पहिले पत्र वाचायला दोन दिवस लागले. 'खैरियत' हा शब्द आम्ही तीन प्रकारे वाचला आणि दादा प्रत्येक वेळी "बरां" म्हणाले. लोक विचारतात मालवणसारख्या ठिकाणी तुम्ही उर्दूकडे कसे वळलात, बीएड ला उर्दू आणि मराठी असे दोन विषय कसे घेतलेत. त्याचे उत्तर एवढेच आहे. एका घरचे टपाल वाचायचे होते.

१९७१ चे आम्हाला दादीने सांगितले, कारण आमचा जन्म नंतरचा. ४ डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या आपल्या लहान बोटींनी कराचीसमोर जाऊन क्षेपणास्त्रे सोडली. चार दिवसांनी पुन्हा हल्ला झाला आणि किमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. गावात आनंदीआनंद झाला. शेजारी दादांकडे आले, "दादांनू, तुमच्या नेव्हीन कराची पेटवली!" दादांनी सगळ्यांना चहा दिला, पेढे आणायला पैसेही दिले. तेही खुशच होते, असे दादी सांगे; नौदल त्यांचेच होते. पण किमारीला भाईंचे घर होते. ९ डिसेंबरला दिवजवळ 'खुक्री' बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. दादा रोज मालवणला चालत जाऊन पेपर आणत, ओळखीचे एखादे नाव आहे का पाहत. कराचीची यादी मात्र कुठल्याच पेपरात येणार नव्हती. टपाल बंद. भाई जिवंत आहेत हे कळायला तीन वर्षे लागली.

१९८३ साली दादा हजला गेले, मुंबईहून जहाजाने, तेव्हा तशी सोय होती. भाईही त्याच वर्षी कराचीहून येणार असे पत्रांतून ठरले होते. असरनंतर बाबुस्सलामपाशी उभे राहायचे. दादा दोन दिवस उभे राहिले, तिसऱ्या दिवशी भाई आले. छत्तीस वर्षांनी. परत आल्यावर सारे घर दादांभोवती बसले, की भेट कशी झाली, काय बोलणे झाले. दादा म्हणाले, "भाईचे दात गेले." झमझम वाटून झाल्यावरही त्यापुढे काही निघाले नाही.

१९९९ च्या जुलैत दादा गेले. अल्लाह त्यांची मगफिरत करो. फजरची अजान होत होती आणि पाऊस थांबला होता. जनाज्याला शेजारच्या गावातले दोन माजी सैनिक आले होते, ते कब्रस्तानाच्या फाटकाशी ताठ उभे राहिले. रापणीचे गाबीतही होते.

चाळिसावा झाल्यावर काळी पेटी उघडली. 'एच.एम.आय.एस.' अशी अक्षरे असलेली टोपीची फीत, पेन्शनचे पुस्तक, बर्मा स्टार आणि सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा. ती गाठ आमच्यापैकी कोणालाच सुटेना. कापायचे धाडस होईना. शेवटी दादांकडे शिकलेल्या एका गाबीत काकांना बोलावले, त्यांनी एका बाजूने दाबले आणि ती अलगद सुटली.

त्यात हजनंतर आलेले भाईंचे पत्र होते, मराठीतले. त्यातला एक तुकडा इथे देतो, शुद्धलेखन तेवढे आम्ही सुधारले आहे. "तू मला विचारलंस त्या रात्री कुठे होतास. लोक होते म्हणून तिथे बोललो नाही. मी धक्क्यावर कामाला होतो. आवाज झाला तेव्हा सगळे म्हणाले विमान. मी म्हटलं विमान नाही, हे समुद्रावरून आलं. मग आमच्या टाक्या पेटल्या आणि आठवडाभर सूर्य दिसला नाही. मला वाटलं तू रेडिओपाशी बसला असशील. मनात आलं की आईला हे सांगू नकोस. मग आठवलं ती जाऊन सोळा वर्षं झाली."

स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात यातले काय सांगायचे, हे आम्हाला अजून नीट जमलेले नाही. दादांनी देश निवडला असे म्हटले की टाळ्या मिळतात. दादांनी आईजवळ राहणे निवडले आणि मग दहा वर्षे त्या देशाच्या नौदलात इमाने चाकरी केली, असे म्हटले की लोक क्षणभर थांबतात. गेल्या खेपेस आम्ही दुसरे म्हणून पाहिले. टाळ्या पडल्या, पण उशिरा. आम्हाला स्वतःला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा लहान वाटत नाही.

२०२३ साली नौदल दिन आपल्याकडे, तारकर्लीला झाला. आम्ही शाळेची बेचाळीस मुले घेऊन गेलो. माणसांचा पूर लोटला होता. युद्धनौका किनाऱ्याजवळ आल्या, विमाने गेली, अंधार पडल्यावर सगळी जहाजे दिव्यांनी उजळली. मुले बेभान झाली, आम्हीही झालो. एकाने विचारले, "यातले तुमच्या आजोबांचे कुठले?" आम्ही म्हटले, त्यांचे तर फार पूर्वीच गेले. परतताना पुळणीवर अंधारात मुलांच्या डोक्याला हात लावून मोजले. एक्केचाळीस भरले. बेचाळिसावा चणेवाल्याकडे सापडेपर्यंत आमचा जीव थाऱ्यावर नव्हता.

उजळलेल्या जहाजांचा एक छान फोटो मोबाइलवर आला होता. भाईंची ती पत्र लिहिणारी नात आता आमच्याच वयाची आहे, कराचीत राहते आणि मालवणच्या समुद्राचे फोटो नेहमी मागते. तिला पाठवण्यासाठी फोटो निवडला आणि अंगठा थांबला. तारीख ४ डिसेंबर होती. तिचे वडील त्या रात्री किमारीत दहा वर्षांचे होते.

तो फोटो आम्ही पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना घरासमोरच्या खाडीचा काढला, चिखल, दोन होड्या कलंडलेल्या, एक बगळा, आणि तो पाठवला. मधल्या सुट्टीत तिचे उत्तर आले. सगळे उर्दूत, सलाम, घरच्यांची खुशाली, आणि शेवटी उर्दू अक्षरांतच तिच्या आजोबांकडून ऐकलेला एक मराठी शब्द, पुढे प्रश्नचिन्ह घालून.

"ओहोटी?"

आम्ही लिहिले, हो.